फळ्यावरचा आकाराम

डिफेंडरला गॅलरी कधी डोक्यावर घेत नाही. गोल मारणाऱ्याला हार, गुलाल, खांद्यावर बसून मिरवणूक. गोल अडवणाऱ्याला "बरं झालं बाबा", एवढंच. आमच्या पेठेत हा नियम एकाच माणसानं मोडला. आकाराम वरुटे, राहणार कसबा बावडा. १९९१ ते १९९७ आमच्या दगडी तालमीच्या फुटबॉल संघाचा स्टॉपर.

पेठेचा नसूनही पेठेनं त्याला आपला मानला, याला कारण त्याचे वडील. आबा रोज पहाटे सायकलला दुधाच्या दोन किटल्या अडकवून बावड्यातनं पेठेत यायचे, चाळीसेक घरी रतीब घालायचे. सुट्टीत मागच्या कॅरेजवर पोरगं बसलेलं असायचं. आबा दूध घालेपर्यंत पोरगं तालमीमागच्या पटांगणात चेंडू लाथाडायचं. आमच्या आण्णांनी, म्हणजे तालमीच्या वस्तादांनी, ते एकदा बघितलं आणि आबांना म्हणाले, "दूध घेऊन जावा परत, पण ह्यो पोरगा हितंच ठेवा."

आकाराम खेळायचा कसा, ते सांगतो. बाकीचे डिफेंडर अंगावर धावून जायचे, पाय घालायचे, माणूस पाडायचे. हा थांबायचा. समोरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन आला की हा पाठ ताठ ठेवून, हात मागं घेऊन नुसता त्याच्यासमोर उभा राहायचा. फॉरवर्ड डावीकडे झुकला की हा डावीकडे, उजवीकडे झुकला की हा उजवीकडे. शेवटी त्या बिचाऱ्यालाच कंटाळा यायचा आणि चेंडू पायातनं सुटायचा. तेवढ्यात आकारामनं तो काढून घेतलेला. शॉर्ट्सला माती नाही, तोंडाला घाम नाही.

नव्वद सालचा वर्ल्डकप आम्ही तालमीत टीव्हीला चिकटून बघितला होता. युगोस्लावियाचे ते उंच, सरळ पाठीचे डिफेंडर बघून आण्णा मांडीवर थाप मारत म्हणायचे, "ह्येला म्हंत्यात अडवणं!" पुढच्या वर्षी आकाराम संघात आल्यावर त्याचं नाव युगोस्लाव पडलं. गॅलरीतनं आरोळी यायची, "युगोस्लाव, सोडू नगंस!" पुढं तो देश फुटला, पेपरात रोज लढाईच्या बातम्या. तेव्हा आमचा एक दोस्त सयाजी भर मॅचमध्ये ओरडला होता, "आकाराम, तुझा देश गेला की रं! आता कुठल्या गावचा म्हणायचं तुला?" आकाराम थ्रो-इनसाठी चेंडू डोक्यावर धरून उभा होता. हसला आणि म्हणाला, "बावड्याचा." अख्खी गॅलरी हसली.

त्या सहा वर्षांत त्याच्या नावानं रिक्षांच्या मागं 'युगोस्लाव' रंगवलेलं मी बघितलंय. कटिंगच्या दुकानात पोरं "आकारामसारखी बारीक" सांगायची. शाहू स्टेडियमवर तो वॉर्मअपला उतरला की हलगीवाला आपोआप ठेका बदलायचा. आणि तो? मॅच संपली की आबांच्या रिकाम्या किटल्या सायकलला लावून बावड्याला. मिरवणुकीत दहा मिनिटं थांबायचा, नारळ घ्यायचा आणि जायचा. सकाळी धारा काढायच्या असायच्या.

आता माझं. मी नागसेन. तालमीमागच्या वस्तीतला. सातवीत शाळा सुटली. नंतरचं सगळं रद्दीच्या दुकानात आणि वाचनालयाच्या बाकावर शिकलो. कायदा शिकलो, अर्ज लिहायला शिकलो, मोर्चा काढायला शिकलो. लहानपणी आमच्या वस्तीतल्या माणसावर चोरीचा आळ घ्यायला कुणाला पुरावा लागायचा नाही. तो राग माझ्या अंगात होता, आहे. त्या रागाच्या जोरावर मी पुढं पुष्कळांना "पुरावा दाखवा" म्हणून उभं केलं.

चौकात तालमीच्या कट्ट्याला लागून एक लाकडी फळा होता. तो माझ्या ताब्यात होता. मॅचचा निकाल, कुणाच्या घरची वाईट बातमी, नळाच्या वेळा आणि त्याखाली माझ्या मनचे दोन-चार शब्द. माझं अक्षर मोत्यासारखं आणि जीभ मिरचीसारखी. लोक सायकल थांबवून वाचायचे. मला त्याचा माज होता. फळ्यावर आलं म्हणजे खरं, असं पेठेत धरलं जायचं, आणि तसं धरलं जावं म्हणून मी दहा वर्षं राबलो होतो.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात आमच्या वस्तीतल्या झाडूवाल्या बायकांचं ठेकेदाराविरुद्ध धरणं चालू होतं. माणसं जमेनात. मी आकारामला गाठलं.

"एक तासभर येऊन बस. तू बसलास की गॅलरी येतीय बघ मागनं."

तो म्हणाला, "येतो की. फायनल होऊ दे. आण्णांनी शब्द घेतलाय, तवर घरचं कार्य सोडलं तर कुठंबी न्हाय जायाचं."

"फायनल महत्त्वाची का बायका?"

"नागसेन, येतो म्हटलं न्हवं. सोमवारी येतो."

मी ते सोमवारचं ऐकलंच नाही. धरण्यावर जाऊन जाहीर करून टाकलं की उद्या आकाराम वरुटे येणार. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. चिमणाबाई म्हणून एक म्हातारी होती, चाळीस वर्षं झाडू मारलेली. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "काय ओ लीडर, तुमचा ख्येळाडू कवा येणार?" बायका हसल्या. त्या हसण्यात काही नव्हतं. पण मला लागलं.

फायनल होती चुनेकर तालमीबरोबर. आमचं आणि त्यांचं वैर आजोबांपासूनचं. खरं तर फायनल आधीच्याच रविवारी व्हायची, पण सेमीफायनलला गॅलरीत दगडफेक झाली म्हणून ती आठ दिवस पुढं गेली. दगड मारणाऱ्यांत मीही होतो. ती पुढं गेली म्हणून नेमकी आकारामच्या भाच्याच्या जावळाच्या दुसऱ्या दिवशी आली.

आकारामची धाकटी बहीण शालन चुनेकर पेठेत दिलेली. तिचा थोरला दीर विजयसिंह म्हणजे चुनेकर तालमीचा कॅप्टन. लग्नात आम्ही दोन्ही पेठेची पोरं एकाच पंगतीला बसलेलो. तिच्या पोराचं जावळ त्या शनिवारी होतं, तारीख दोन महिन्यांपूर्वी धरलेली. जावळाला मामा लागतो. मामाच्या मांडीवर पोर बसवल्याशिवाय न्हावी कात्री लावत नाही. मामानं यायचं, केस कापून होईतोवर रडणारं पोर धरायचं. मग मामाला भरपेहराव, डोक्याला फेटा आणि मटणाचं ताट. आमच्याकडं हे घरोघरी चालतं.

शनिवारी दुपारी मी धरण्याची पत्रकं वाटत त्या गल्लीतनं चाललो होतो. मांडव घातलेला. आकाराम मधोमध पाटावर बसलेला, मांडीवर तासलेल्या डोक्याचं पोर, आणि विजयसिंह स्वतः त्याच्या डोक्याला फेटा बांधतोय. शेव खाली आली की पोर ती ओढतंय. सगळे हसतायत. शालननं मला दारात बघितलं.

"दादा, आत या की. जेवून जावा."

"फायनल झाल्यावर येतो," मी म्हणालो आणि गेलो.

म्हणजे मला माहीत होतं. कुणाचं जावळ, कशाचा फेटा, कुणी का बांधला. सगळं. हे मला आधी लिहून ठेवायचंय, कारण नंतर लोकांनी माझ्या बाजूनं म्हटलं, "तुला काय ठावं, तू जे बघितलंस ते लिवलंस." नाही. मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सत्तर मिनिटं शून्य-शून्य. एकाहत्तराव्या मिनिटाला उजवीकडनं जोरकस क्रॉस आला. मागं त्यांचा फॉरवर्ड मोकळा होता. आकारामला थांबायला वेळ नव्हता, आयुष्यात पहिल्यांदा तो घसरला. चेंडू नडगीला लागून आपल्याच जाळीत. सेल्फ गोल. चुनेकरांची गॅलरी उसळली. आकाराम तसाच मातीत बसून होता. त्याची शॉर्ट्स मळलेली मी पहिल्यांदा बघितली.

एक-शून्यनं हरलो. मी चौकात आलो, फळा पुसला आणि खडू घेतला.

"काल चुनेकरांच्या मांडवात फेटा. आज मैदानात सेल्फ गोल. पेठेनं काय समजायचं?"

आरोप केला नव्हता बघा. नुसता प्रश्न. कुणी विचारलं तर सांगता यावं, मी कुठं काय म्हटलं? अर्ज लिहून लिहून आलेली हुशारी ती.

तासाभरात अडीचशे माणसं वाचून गेली. सयाजी, जो त्याच्यासाठी घसा फोडायचा, तो म्हणाला, "तरीच! म्हटलं युगोस्लाव घसरला कसा!" संध्याकाळी आकारामच्या सायकलला कुणीतरी चपलांची माळ घातली. त्यानं ती काढली, चपला जोडीजोडीनं कट्ट्यावर लावून ठेवल्या आणि गेला. फळ्याकडं एकदा बघितलं. मी तिथंच होतो. त्यानं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडलो असतो, आणि भांडणात मी कुणाला ऐकत नाही.

सोमवारी अकरा वाजता तो धरण्यावर आला.

शब्दाप्रमाणं आला. पायात स्लिपर, नडगीला पट्टी. रस्त्यावरची पोरं ओरडत होती, "ए फेटेवाला!" तो सरळ येऊन सतरंजीच्या टोकाला बसला. चिमणाबाईनं त्याला तांब्या दिला. "बस लेकरा," म्हणाली. तासभर बसायचं ठरलं होतं, तो पाच वाजेपर्यंत बसला. मी त्या दिवशी माईकवरनं सगळ्यांची नावं घेतली. आलेल्या वकिलाचं, दोन मास्तरांचं, चहावाल्याचं. त्याचं घेतलं नाही. पाचला तो उठला, सतरंजी झटकायला बायकांना हातभार लावला आणि गेला.

फळा रात्रीत पुसायला मला काय लागणार होतं? एक ओलं फडकं. खाली एक ओळ लिहायची, "ते जावळ होतं." मी लिहिली नाही. मी एकदा लिहिलेलं मागं घेत नाही, अशी माझी ख्याती होती ना.

नंतरचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. आबांना वाचता येत नव्हतं. सकाळी रतीब घालायला आले तेव्हा चौकात त्यांना कुणीतरी फळा वाचून दाखवला. एका दारात बाई म्हणाली, "आबा, लेकीच्या घरासाठी लेकानं मॅच दिली म्हणं?" आबांनी त्या दिवसापासून पेठेतला रतीब सोडला. आकारामनं सांगून बघितलं. आबा एकच म्हणत, "मग फळ्यावर का आलं?" ज्याला अक्षर येत नाही त्याचा अक्षरावर किती विश्वास असतो, हे मला कुणी सांगायला नको होतं. माझा बापही तसाच होता. आबांनी शालनच्या दारात पाय ठेवायचा नाही, असं ठरवलं.

नव्या सीझनला तालमीत खेळाडूंच्या सह्या होतात. आकाराम सहीला आला नाही. चुनेकरांनी बोलावलं, तिकडंही गेला नाही. सत्ताविसाव्या वर्षी त्याचा फुटबॉल संपला. बावड्यातल्या साखर कारखान्यात तो फिटर म्हणून लागला, एवढं ऐकलं.

नऊ वर्षं गेली. दोन हजार सहाच्या डिसेंबरात तालमीनं जुन्या खेळाडूंचा सत्कार ठरवला. यादी माझ्यासमोर आली. बत्तीस नावं. आकारामचं नाही.

"आण्णा, आकाराम?"

आण्णांनी चष्मा वर केला. वय झालं होतं, पण नजर तीच. "त्येचं कसं घ्यायचं? लोक काय म्हंतील? तूच लिवलंतंस की."

"ते खोटं होतं."

"कवा कळलं तुला?"

मी यादीची घडी घालायला लागलो. आण्णांनी ती माझ्या हातातनं काढून घेतली. मग म्हणाले, "आदी त्येला जाऊन भेट. मग मला सांग यादीचं."

मी बावड्याला गेलो. रविवार सकाळ. आकाराम गावाबाहेरच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीनं पट्टे मारत होता, दुपारी गावातल्या पोरींची मॅच होती. केस पिकलेले, पाठ तशीच ताठ.

"पावणं, पट्ट्यावरनं बाजूला व्हा," तो वर न बघता म्हणाला. मग बघितलं. "नागसेन व्हय? वाळलास की."

मी जे पाठ करून गेलो होतो ते सगळं बोललो. सत्कार, स्टेज, मी माईकवरनं जाहीर माफी मागतो, पुन्हा तुझं नाव पेठेत होईल. तो फक्की टाकतच होता. संपल्यावर म्हणाला, "पेठेत नाव करून मी काय करू? कारखान्यात लावू?"

"मग काय करू, सांग."

त्यानं डबा खाली ठेवला. "घरात आबा बसल्यात. त्यास्नी सांग. स्टेजबिज काय न्हाय. फकस्त त्यास्नी."

घर मैदानाच्या कडेलाच. आबा ओसरीवर खाटेवर. कान गेलेले. मी वाकून म्हणालो, "आबा, मी नागसेन. चौकातला फळा लिहायचो."

"आं? मोठ्यानं बोल!"

"फळा मी लिहायचो!"

"मग?"

"आकारामचं मी खोटं लिहिलं!"

"काय लिवलं?"

आयुष्यभर मी ओरडलोय. धरण्यात, मोर्च्यात, गॅलरीत. त्या ओसरीवर ओरडायला मला जितकं जड गेलं तितकं कधी गेलं नाही. "खोटं लिहिलं! ते जावळ होतं, मला माहीत होतं! त्यानं मॅच दिली नव्हती!" मैदानावर सरावाला आलेल्या पोरी थांबून बघायला लागल्या. शेजारची बाई सुपासकट दारात आली.

आबांना आता ऐकू आलं होतं. हळू आवाजात म्हणाले, "ठावं हुतं, तरी लिवलंस?"

"व्हय."

"का?"

"राग आलता."

"कशाचा?"

"धरण्याला बोलावलं होतं. आला नाही म्हणून."

मागनं, दारातनं, आकाराम म्हणाला, "आलतो की."

त्याच्या आवाजात राग नव्हता. नुसती दुरुस्ती केल्यासारखा बोलला. मी मान वर करू शकलो नाही. मातीच्या ओसरीवर शेणाचे बोटांचे पट्टे होते, तेच मोजत बसलो.

आबांनी खाटेच्या कडेला हात टेकला. मग म्हणाले, "नऊ वर्सं झाली. नातू धा वर्सांचा झाला. मी त्येचं त्वांड बघितलं न्हाई." आणि उठायला लागले. "कोट आण माझा. रिक्षा बोलीव."

"आत्ता? आबा, दुपारी मॅच..."

"आत्ता!"

रिक्षा आली. आकारामनं आबांना बसवलं, पाय आत घेतले. मला कुणी चल म्हटलं नाही, आणि म्हणावं असं काही नव्हतंही. निघताना आकाराम बाहेर डोकावला. "नागसेन, सांगितलंस, झालं. सत्काराला मी येत न्हाई. आन् तिथं माझं नाव घिऊ नगंस. लोक इसारल्यात. परत उकरून काडू नगंस."

"बरं," मी म्हणालो.

सत्काराच्या दिवशी मंडप भरला होता. बत्तीस खेळाडू झाले. शेवटी जुना कार्यकर्ता म्हणून मला स्टेजवर बोलावलं, शाल घातली, माईक दिला. समोर हजार माणसं. मी दोन शब्द बोलून उतरायचं ठरवलं होतं. पण माईक हातात आला की मी मी राहत नाही. मी आकारामचं नाव घेतलं. सगळं सांगितलं. फेटा, जावळ, फळा. आवाज भरून आला, खरंच भरून आला. मंडपभर टाळ्या. उभं राहून टाळ्या. सयाजी डोळे पुसत माझ्या गळ्यात पडला, "भावा, कबूल करायला वाघाचं काळीज लागतं!" दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. माझा. आकारामचा त्यांच्याकडं नव्हता.

आण्णा तेवढे बसून होते. त्यांनी टाळीही वाजवली नव्हती.

पंधरा दिवसांनी मंडईत शालन भेटली. मेथीच्या जुड्या निवडत होती. मला बघून पदर सावरला. "आबा आता दर सोमवारी येत्यात," म्हणाली. "नातवाला घिऊन बसत्यात. ऐकू येत न्हाय, पर बोलत्यात दोगं दिवसभर."

"आकाराम?"

ती जुडी हातात घेऊन थांबली. "कारखान्यात समदी इचारत्यात त्येला. कसला फेटा, कसला गोल. ज्यास्नी ठावं नव्हतं त्यांस्नीबी आता ठावं झालं. त्यो कारखान्याच्या कॅन्टीनात जायचा बंद झालाय."

"मी खरं तेच सांगितलं, शालन."

"व्हय, खरं सांगितलंसा," ती म्हणाली. "पर दादा, तवाबी त्येला इचारलं न्हाईसा, आन् आताबी न्हाई."

तिनं जुडी पिशवीत टाकली आणि पुढच्या गाड्यावर गेली. मी भांडायला तोंड उघडलं होतं. मागनं भाजीवाली ओरडली, "पावणं, घेणार हायसा का नुसतं हुबं ऱ्हाणार? बाजूला व्हा!"

मी बाजूला झालो.